रफूवाल्यांची प्रार्थना

मी ‘आमेन’ म्हणून डोळे उघडले तेव्हा ह्यांच्या मांडीवर करड्या लोकरीची लिंबाएवढी गुंडी होती आणि पुढच्या बाकावर बसलेल्या हेडमास्तरांचा स्वेटर पाठीमागून चार बोटं आखूड झाला होता.

हेडमास्तरांना याचा पत्ता नव्हता. ते मान खाली घालून अजून प्रार्थनेतच होते. ह्यांनाही पत्ता नव्हता, हे मात्र सांगून कुणाला खरं वाटणार नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत दर रविवारी एका घराने उभं राहून सगळ्यांसाठी प्रार्थना करायची असते. आजारी, अडलेले, प्रवासाला गेलेले, ज्यांच्या घरचं कुणी नुकतंच वारलं ते, असे सगळे तिच्यात येतात. त्या रविवारी आमच्या घराचा नंबर होता, म्हणजे अर्थातच माझा. मी उभी राहून साऱ्यांची दुःखं देवापुढे मांडत होते आणि शेजारी बसलेला माझा नवरा, बाकाच्या फटीतून बाहेर आलेल्या स्वेटरचं सुटलेलं टोक धरून, शांतपणे तो उसवत होता. डोळे मिटलेले, बोटं मात्र जागी. नुसतं उसवून थांबले असते तर गोष्ट वेगळी, त्याची नीट गुंडीही करून ठेवली होती.

मी कोपराने ढोसलं. ह्यांनी गुंडीकडे पाहिलं, मग स्वेटरकडे, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा पार उतरला.

"प्रवासाला गेलेल्यांपर्यंत होतो गं मी," ते हळूच म्हणाले.

स्वेटर घरी आणून तीन दिवसांत त्यांनी तो पूर्ववत करून दिला. कुठून उसवला होता ते हेडमास्तरांच्या बायकोलाही सापडलं नाही. हेडमास्तर भला माणूस, हसण्यावारी नेलं. पण पुढच्या रविवारपासून ते दुसऱ्या बाजूच्या रांगेत बसायला लागले.

आमचं रफूचं दुकान. दुकान म्हणजे ड्रायक्लीनिंगवाल्याच्या शेजारची एक अरुंद खोली, एक मोठी खिडकी आणि खिडकीला लागून टेबल. कोटाला सिगारेटने पडलेलं भोक, शालीला कसर लागलेली, लग्नातल्या सुटाला खिळ्याने फाटलेलं, असं सगळं ह्यांच्याकडे येतं. हे त्याच कपड्याच्या आतल्या शिलाईतून, जिथे कुणी बघणार नाही तिथून, एकेक धागा ओढून काढतात आणि तोच धागा भोकावर आधी उभा, मग आडवा विणत जातात. बाहेरचा धागा चालत नाही. रंग जुळला तरी वय जुळत नाही, असं त्यांचं म्हणणं. कामाला बसले की मी शेजारी चहा ठेवावा आणि तासाने तो तसाच उचलून न्यावा. मी दुकानात आले कधी आणि गेले कधी, हे त्यांना संध्याकाळी विचारलं तर सांगता यायचं नाही.

आणि हाच माणूस प्रार्थनेला बसला की पाच मिनिटं एका जागी टिकत नसे. शरीराने टिके, मनाने नाही. सकाळी साडेसहाला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही दोघं रोज प्रार्थनेला बसायचो. प्रार्थना मी म्हणायची, ह्यांनी ऐकायची. संपली की मी विचारायची, कुठपर्यंत होतात? आणि हे सांगायचे. लेकीच्या नावापर्यंत होतो. आभार मानलेस तिथपर्यंत होतो. एकदा तर म्हणाले, तू खुर्ची ओढलीस तिथपर्यंत होतो. चौतीस वर्षांत ‘शेवटपर्यंत होतो’ असं खोटं एकदाही म्हणाले नाहीत. खोटं बोलले असते तर माझं विचारणं कधीच थांबलं असतं, पण तेवढी अक्कल त्यांना नाही.

त्यांना या गोष्टीचं मनापासून दुःख होतं. येशूवर त्यांचा जीव होता. संपूर्ण मनाने प्रीती करायची अशी आज्ञा आहे आणि मी तर पाव मनानेसुद्धा हजर नसतो, असं ते म्हणायचे, आणि म्हणता म्हणता समोरच्या माणसाच्या कॉलरकडे बघायला लागायचे.

माझं तसं नव्हतं. मी तीस वर्षं बसस्टँडवर माईकवरून गाड्यांच्या वेळा सांगितल्या. अडखळणं माझ्या आवाजाला माहीतच नव्हतं. मी प्रार्थनेला उभी राहिले की शब्द रांगेत यायचे. आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, थट्टेने म्हणत, बाईंची प्रार्थना वेळेवर सुटते आणि वेळेवर पोचते. मंडळीत माझं नावच प्रार्थनाबाई पडलं होतं. कुणाकडे आजारपण असो, परीक्षा असो, जुळत आलेलं लग्न मोडो, लोक मला बोलवायचे. मी जायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, आणि बायका डोळे पुसायच्या. मला ते आवडायचं. आज सांगायला काय हरकत आहे, मला ते फार आवडायचं.

मग माझा आवाज बसला. महिनाभर काढे, गुळण्या, वाफारे झाले. लेक परगावाहून फोनवर ओरडली तेव्हा कुठे मी मोठ्या हॉस्पिटलात गेले. सर्जनबाई माझ्या लेकीच्या वयाची, पण बोलायला सरळ. स्वरयंत्रावर गाठ होती, आणि ती ज्या जागी होती तिथून ती एकटी काढता येणार नव्हती. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, श्वासासाठी गळ्याला खालच्या बाजूला भोक राहील, आणि आवाज जाईल तो परत येणार नाही.

"अजिबात?" ह्यांनी विचारलं.

"अजिबात," ती म्हणाली, आणि तिने माझा हात धरला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी हे माझ्या खाटेशी बसले होते. बराच वेळ चादरीची शिवण बोटाने चाचपत होते. मग म्हणाले, "तुला आत नेल्यापासून बाहेर आणेपर्यंत मी खाली प्रार्थनेच्या खोलीत बसणार. एका जागी. दुसरं काहीही मनात आणणार नाही. शब्द देतो तुला."

ऑपरेशन सहा तासांचं होतं. मला हसू आलं. मी म्हटलं, पहिला अर्धा तास जमलं तरी देव खूश होईल. पण त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. चौतीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच माझ्यासाठी काहीतरी असं देऊ केलं होतं जे त्यांच्या हाताला येत नव्हतं.

मी ठरवून ठेवलं होतं की आवाजाचा शेवटचा उपयोग प्रार्थनेसाठी करायचा. शब्द तयार होते. चांगले होते. पण सकाळी नेमलेल्या वेळेच्या तासभर आधीच स्ट्रेचर आलं, सगळ्यांची धांदल उडाली, आणि दाराशी मी मागे वळून म्हटलं, "खुर्चीवरचा चष्मा उचला, नाहीतर बसाल त्याच्यावर." या जगात मी माझ्या आवाजाने बोललेलं शेवटचं वाक्य ते.

मी डोळे उघडले तेव्हा नळ्यांच्या पलीकडे हे होते. लेक मागे उभी होती. मला काही बोलता येणार नाही हे माहीत असूनही मी तोंड उघडलं, आणि तिथून हवासुद्धा आली नाही. ह्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते. मला वाटलं, माझ्यासाठी रडले. ते खरंही होतं, पण अर्धंच.

दुसऱ्या दिवशी लेक खाली गेल्यावर त्यांनी कबुली दिली. तळमजल्यावरची प्रार्थनेची खोली छोटी होती, चार बाकं, एक क्रूस आणि एक खिडकी. ते पहिल्या बाकावर बसले. पहिला पाऊण तास, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, ते खरोखर होते, मन इकडचं तिकडे झालं नाही. मग त्यांनी क्षणभर डोळे उघडले आणि समोर खिडकीचा पडदा दिसला. कडीतून निसटून तो वीतभर फाटला होता. त्यांनी डोळे मिटले. पुन्हा उघडले. सुई त्यांच्या पाकिटात कायम असते. पडद्याच्या खालच्या दुमडीत धागा भरपूर होता.

"नर्स बोलवायला आली तेव्हा मी शेवटचा टाका घेत होतो," ते म्हणाले. "पाच तास. तुला आत कापत होते आणि मी पडदा शिवत होतो."

एवढं बोलून ते मान खाली घालून बसले. मी कधी रागावते याची ते वाट बघत होते. एरवी मी काय काय म्हटलं असतं याची माझ्याकडे आजही पूर्ण यादी आहे. पण मला म्हणता येत नव्हतं, आणि गंमत अशी की ते म्हणता येत नाही म्हटल्यावर मला त्यांच्याकडे नीट बघावं लागलं. साठी उलटलेला माणूस, शर्टाचं बटण चुकीच्या काजात, आणि हातात माझा चष्मा, शाबूत. उशाशी लेकीने आणून ठेवलेली पाटी होती. मी तिच्यावर लिहिलं, ‘नीट झाला का?’

त्यांनी वाचलं.

"कळतसुद्धा नाही कुठे फाटला होता," ते म्हणाले, आणि मग त्यांना फारच रडू आलं.

पाळक भेटायला आले तेव्हा ह्यांनी त्यांनाही सांगितलं. पाळक समजूतदार आहेत. ते म्हणाले, रफूवाले, प्रेमाने केलेलं काम हीसुद्धा प्रार्थनाच की. दुसरा कुणी असता तर त्याने हे घट्ट धरून ठेवलं असतं. ह्यांनी मान हलवली. "नाही, साहेब. पडदा शिवला तो पडदा शिवला. मी हिला प्रार्थनेचा शब्द दिला होता." मला त्या वेळी माझ्या नवऱ्याचा जो अभिमान वाटला तो मी पाटीवर लिहिला नाही, कारण पाटी लहान होती.

घरी आलो. पुढे रेडिएशन झालं. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, पण माझी कातडी इतकी कडक झाली होती की त्यातून नुसती घरघर निघायची. सर्जनबाई म्हणाल्या, सहा महिने थांबा, मग बघू. तोवर पाटी. पण ह्यांना पाटी फारशी लागेनाशी झाली. मी नुसते ओठ हलवायची आणि हे वाचायचे. लेकीला जमायचं नाही, ती चिडायची, आई हळू बोल म्हणायची. ह्यांना जमायचं, कारण ते बघायचे. चष्मा कपाळावर सारून, मान जरा पुढे काढून, भोकाकडे बघतात तसे. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या तोंडाकडे एवढं कधी पाहिलं नव्हतं. मी बोलायची काही कमी नव्हते, पण ऐकू येत असल्यावर बघायची गरज पडत नव्हती.

सकाळच्या प्रार्थनेचा प्रश्न आला. पहिल्या दिवशी आम्ही साडेसहाला टेबलाशी बसलो आणि सवयीने हे माझ्याकडे वळून थांबले. मग लक्षात आलं तसा त्यांनी घसा साफ केला.

"हे प्रभू, या दिवसासाठी आम्ही तुझे आभार मानतो. लेकीला सांभाळ. जावयांना सांभाळ. त्यांच्या नव्या घराला आशीर्वाद दे, त्या घराला अजून पडदे नाहीत, निळे बरे दिसतील, पण निळा उन्हाने लवकर विटतो..."

मी डोळे उघडले. ह्यांनीही उघडले. आम्ही दोघं हसलो. आवाजाशिवाय हसणं विचित्र असतं, नुसते खांदे हलतात. आजवर हे सगळं मनातल्या मनात चालायचं, आता ते मला आणि देवाला दोघांनाही ऐकू येत होतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ह्यांची प्रार्थना पडद्यांवर, बटणांवर, ड्रायक्लीनिंगवाल्याच्या इस्त्रीवर जात होती, तेव्हा माझी तरी कुठे होती? मला वाटलं होतं, आवाज गेला तरी प्रार्थना राहील. ती आतली गोष्ट आहे, असं मी लोकांना कितीदा सांगितलं होतं. आता मी मनात पहिलं वाक्य म्हणायची आणि दुसऱ्याला नळ ठिबकताना ऐकू यायचा. तिसऱ्याला दूध आठवायचं. एकही ओळ मला शेवटाला नेता येत नव्हती. मग मी चौतीस वर्षं प्रार्थना करत होते की स्वतःचा आवाज ऐकत होते? हा विचार मनात आला त्या सकाळी मी न्याहारीशिवाय जाऊन आडवी झाले.

त्याच्या खाली आणखी एक होतं, ते तर मी स्वतःशीही बोलत नव्हते. मला राग आला होता. दुसरं काहीही घे, गुडघे घे, डोळे घे, ज्या आवाजाने मी तुझंच नाव घेतलं तोच कशाला घेतलास? हे मी देवाला विचारलं नव्हतं. त्याच्याशी मी फार सभ्यपणे वागत होते, बिनसलेल्या नातेवाइकाशी चारचौघांत वागतात तशी. मन त्या जागेजवळ गेलं की आपण होऊन नळाकडे वळायचं.

दोन आठवडे मी लपवलं. मग एका सकाळी पाटीवर लिहिलं, ‘माझंपण मन लागत नाही. रोज.’ रागाचं लिहिलं नाही.

ह्यांनी दोनदा वाचलं. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल, चौतीस वर्षं ऐकून घेतल्यावर कुणालाही वाटलं असतं. पण ते घाबरले.

"तुझं?" त्यांनी विचारलं. "मी तर तुझ्या आधाराने बसायचो गं."

बराच वेळ ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, "तुला वाटतं, दुकानात माझं लक्ष लागून राहतं. कुठे राहतं? जातं की. मोठं भोक असलं की दहा धाग्यांनी डोळा चुकतो. मग मी मागे येतो, नक्की बरोबर पडलाय असा शेवटचा धागा शोधतो आणि तिथून पुढे घेतो. दिवसातून पन्नासदा. तू चहा ठेवून जातेस, तुला वाटतं मी गुंगलोय. मी शोधत असतो."

मी विचारलं, मग प्रार्थनेत का नाही शोधत? ओठांनीच विचारलं.

"तिथे तू पुढे गेलेली असायचीस," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. म्हणूनच मला ते लागलं.

तेव्हापासून आम्ही तशी प्रार्थना करायला लागलो. हे एक ओळ म्हणायचे. ज्याचं मन पळालं त्याने टेबलावर बोट टेकायचं, आणि हे शेवटच्या धड ओळीवर परत यायचे. प्रभूने शिकवलेली साधी प्रार्थना, लहान मुलं अर्ध्या मिनिटात म्हणून खेळायला पळतात ती, आम्हाला पस्तीस मिनिटं पुरायला लागली. कधी दोघांचीही बोटं एकदम टेकायची. दुकान उशिरा उघडायला लागलं. ड्रायक्लीनिंगवाल्याने विचारलं, रफूवाले, एवढं काय मागता देवाकडे? हे म्हणाले, मागण्यापर्यंत अजून पोचलोच नाही.

एका ओळीवर मात्र माझं बोट रोज टेकायचं. देवाच्या इच्छेप्रमाणे होवो, असं जिथे येतं तिथे. हे परत म्हणायचे, मी परत टेकायची. तिसऱ्या खेपेला ते काही न विचारता पुढे जायचे. त्यांनी ओळखलं होतं की नाही, मला माहीत नाही. विचारलं असतं तर मी नळाचं कारण सांगितलं असतं.

अशात आमच्या घराचा रविवार आला. पाळकांचा फोन आला की या वेळी दुसऱ्या कुणाला सांगतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ह्यांनी फोनवर विचारलं, "नंबर आमचाच आहे ना? मग आम्ही करू." लेकीने सुचवलं की बाबा, कागदावर लिहून न्या. ते म्हणाले, लिहिलेलं वाचताना तर माझं मन हमखास पळतं. मला आतून भीती वाटत होती. लोक हसतील याची होती, आणि मी तिथे नुसती बसून असेन याची त्याहून जास्त होती. मी त्यांना ओठांनी म्हटलं, नको. त्यांनी वाचलं नाही असं दाखवलं.

रविवारी मंडळी नेहमीपेक्षा शांत होती. सगळ्यांना माहीत होतं. हे उभे राहिले, पुढचा बाक दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले. सुरुवात बरी झाली. आवाज कापत होता, पण शब्द येत होते. त्यांनी आजाऱ्यांची नावं घेतली, एकही गाळलं नाही. ज्यांचं काम सुटलं होतं त्या दोन घरांसाठी मागितलं. हेडमास्तरांची बायको त्या महिन्यात वारली होती, तिचं नाव घेताना ते जरा थांबले आणि पुढे गेले. मी माझं बोट मांडीवर धरून बसले होते. मग ते म्हणाले, "आणि माझ्या बायकोसाठी," आणि गप्प झाले.

आधी कुणाला काही वाटलं नाही. मग कुणीतरी खोकलं. एक बाक करकरला. पाळकांनी मान वर केली. मागच्या रांगेतल्या बायका माझ्याकडे बघत असणार हे मला न बघता कळत होतं. मी मनात म्हटलं, गेलं. गेलं ह्यांचं मन, नेमकं माझ्या नावावर गेलं, आता कुठल्या शालीच्या कडेला जाऊन बसलं असेल देव जाणे. मला राग आला, लाज वाटली, आणि त्यांना हलवून परत आणावं म्हणून मी उभी राहिले.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ते कुठेही गेलेले नव्हते. माझ्या नावापाशीच उभे होते आणि तिथून पुढे काय मागावं ते त्यांना सापडत नव्हतं. बरी कर म्हणावं तर आवाज येणार नव्हता. आभार मानावेत तर ते माझ्या वतीने कसे मानायचे, हे त्यांना कळत नव्हतं. रोज सकाळी माझं बोट कुठे टेकतं ते त्यांनी पाहिलं होतं.

"काय सांगू त्याला?" त्यांनी विचारलं. हळू विचारलं, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं.

मी ओठ हलवले. आधी काही ठरवलेलं नव्हतं, रांगेत उभे असलेले शब्द नव्हते. ह्यांनी मान पुढे काढली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हटलं, "प्रभू, माझा आवाज तू नेलास."

लोकांच्या माना वर झाल्या. मी पुढचं म्हटलं. ते वाचून हे थांबले. डोळ्यांनी त्यांनी मला विचारलं, हे म्हणू? मी होकारार्थी मान डोलावली.

"मला त्याचा राग आला आहे," ह्यांनी म्हटलं. "अजून आहे. तुझ्याशी मी गोड बोलत होते, खरं बोलत नव्हते. मन पळत होतं, कारण मला या जागी यायचं नव्हतं."

हे माझेच शब्द होते, जसेच्या तसे, माझ्याच तोंडचे, आणि ते म्हणत होता एक जाडजूड मिशांचा माणूस. कुणीही हसलं नाही. ह्यांची नजर माझ्या ओठांवरून हलली नाही. मी थांबले की थांबायचे, मी म्हटलं की म्हणायचे.

"तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे मला अजून म्हणता येत नाही. म्हणता येईपर्यंत मी रोज येईन. पळाले तरी परत येईन. तू मला सोडू नकोस."

एवढंच होतं. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत लहान प्रार्थना, आणि तिच्यात मी पहिल्यापासून शेवटपर्यंत होते.

"आमेन," ह्यांनी म्हटलं, आणि सगळ्या मंडळीने म्हटलं. मग एरवीसारखी हालचाल सुरू झाली. लोकांनी डोळे पुसले, गीतांची पुस्तकं काढली, पानं उलटली. पेटीवाल्याने सूर धरला. हे मात्र तसेच उभे होते, बाक धरून, माझ्याकडे बघत. माझं ‘आमेन’ म्हणायचं राहिलं होतं.

मी म्हटलं. ते वाचून मग खाली बसले.